गोठ्यातला क्लच

गाडीच्या सगळ्या भागांत क्लचइतका दुर्लक्षित भाग दुसरा नाही. इंजिनाचं कौतुक होतं, ब्रेकला लोक भितात, हॉर्नवर तर आपल्याकडे जीवच असतो. क्लचची आठवण होते ती पाय थेट खाली टेकला आणि गाडीनं काहीच ऐकलं नाही म्हणजे. जळगावला मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. तिथे हयात घालवल्यावर माझं असं मत झालंय की माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचा डावा पाय पाहावा. एक डॉक्टर क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवायचे, पायाला आराम पडतो म्हणून. दर वर्षी प्लेट जाळायचे आणि रोग्यांना सांगायचे, तब्येतीची हेळसांड करू नका. धुळ्याचा एक सरकीचा व्यापारी पारोळ्यापासून जळगावपर्यंत उलटा आला होता, म्हणजे रिव्हर्समध्ये, कारण दुसरा कुठला गिअरच पडत नव्हता. मान आखडली होती, पण रुबाब तसाच. "रस्त्यात बठ्ठा लोक वळीवळी पाही ऱ्हायंतात," असं तो अभिमानानं सांगत होता.

या सगळ्यांवर कडी केली ती हिलाल नानांच्या गाडीनं.

भडगावजवळ गिरणेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून मला मान आहे आणि तो कसला ते पुढे येईलच. हिलाल नाना त्या गावचे पाटील. केळी, कापूस, नदीकाठची काळी जमीन. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, गावोगाव ठिबक येत होतं, ट्रॅक्टर येत होते. नानांनीही ट्रॅक्टर घेतला आणि घरची बैलजोडी, राजा आणि परधान, पाचोऱ्याच्या बाजारात विकून टाकली. विकताना चारचौघांत वर म्हणाले, "आते बैलना जमाना गया." हे वाक्य त्यांना पुढे फार जड गेलं.

मग ते ठिबकच्या नळ्या बघायला नाशिकला गेले आणि येताना एक विलायती स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. लालभडक, दोन माणसांची, डोक्यावर कापडाचं छत, आणि इतकी बुटकी की बसलेल्या माणसाला कोंबड्यांच्या डोळ्यांत बघता यावं. कुणा मिलमालकाच्या मुलानं वापरून टाकलेली. घरात खाणारी तोंडं अकरा आणि गाडी दोघांची. अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "बाकीना कथा बठतीन, टपवर? टप बी नही." नानांचं उत्तर एकच, "दिसनी आनि आवडनी." यावर कुणाचाही इलाज चालत नाही. अक्कांनाही त्यांनी असंच पसंत केलं होतं म्हणे.

इथवर ही एका हौशी माणसाची गोष्ट होती. ती बिघडली पोळ्यामुळे.

त्या गावात पोळ्याचा पहिला मान पाटलांच्या बैलाचा. वेशीवर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, पाटलांचा बैल ते शिंगानं तोडतो, आणि मग बाकी गावाचे बैल वेशीतून पलीकडे लागूनच असलेल्या मारुतीकडे जातात. बैल स्वतःच्या गोठ्यातला हवा, उसना चालत नाही. घरच्या वडील माणसानं कासरा धरून तो न्यायचा. आणि घरापासून मारुतीपर्यंत बैल कुठेही थांबता किंवा बसता कामा नये. बसला तर मान पुढच्या घराकडे. पुढचं घर म्हणजे नानांचे चुलतभाऊ दगा बापू, ज्यांच्याकडे हत्तीसारखी जोडी होती आणि जे गेली कित्येक वर्षं पाटलांचा बैल बसायची वाट बघत होते.

आता पाटलांकडे बैलच नाही. नवी जोडी घ्यावी तर नाना अडून बसले, "बजारमा विकाना नि परत लेवाना? गाव हसी." त्यांचे वडील उखा आबा, वय ऐंशीच्या घरात, बैल विकल्यापासून मुलाशी बोलत नव्हते. ते रिकाम्या गोठ्यात गव्हाणीवर बसून असायचे. नानांनी शेवटी मारुतीच्या ओट्यावर पंचांसमोर जाऊन सांगितलं, "मन्हा गोठामा जे बांधेल शे, ते मी आनसू." गोठ्यात होती ती लाल गाडी. पंचांनी पुष्कळ विचार केला. गावात पोळ्याला ट्रॅक्टरला हळदकुंकू लावतातच, मग गाडीला का नाही, असं निघालं. दगा बापू म्हणाले, "आनू द्या. पन चालीन तं बैलना चालनं, कासरावर, आनि थांबाव नही." त्यांना वाटलं, नाना माघार घेतील. पंच हो म्हणाले, नानाही हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नाना माझ्या गॅरेजात उभे.

"मिस्तरी, गाडी बैलसारखी चालाले जोयजे."

मी आजवर गाडी घोड्यासारखी पळवून देणारा मिस्तरी म्हणून ओळखला जात होतो. बैलासारखी चालवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. मी म्हटलं, "गाडी इकडे आणा." नाना म्हणाले, "नही. आबा म्हंतस, लोहार, सुतार आपला घर येतस. मिस्तरीनी बी येवाले जोयजे." मुलाशी न बोलणारे आबा एवढं मात्र बोलले होते. मी हत्यारं बांधली आणि गेलो.

इथे थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिन एकदा सुरू झालं की फिरतच राहतं. चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. दोघांची जोड सोडणारा आणि लावणारा तो क्लच. साध्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत सळई किंवा तार असते. या विलायती गाडीत होतं तेल. पेडल दाबलं की बॉनेटखालच्या एका लहान सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी जातं, तिथे दुसरा सिलिंडर असतो, तो क्लचला ढकलतो. बस, एवढंच. पण गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसती सोडली तरी बैलापेक्षा जोरात चालते. बैलाच्या चालीनं न्यायची तर पाय क्लचवर अर्धा दाबून, सोडून, दाबून, सोडून न्यावी लागते. आणि या गाडीचं पेडल असं कडक होतं की नाना अंगणातून फाटकापर्यंत येईतो त्यांचा डावा पाय थरथर कापायला लागायचा आणि गाडी बंद पडायची. पंचांच्या भाषेत, बैल बसायचा.

मी वरचा सिलिंडर उघडून पाहिला. आतून गंज खाऊन खड्डे पडलेले. विलायतेहून पार्ट मागवायचा तर तो कोणत्या वर्षीच्या पोळ्याला येणार, हे आधी पंचांना विचारावं लागलं असतं. तेव्हा मी ठरवलं की सगळी यंत्रणाच बदलायची. वर जीपचा बारीक सिलिंडर, खाली ट्रकचा जाड. वरचा बारीक आणि खालचा जाड केला की पायाला जोर कमी लागतो. पेडल जरा जास्त खोल जातं, पण जातं मऊ. हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असं कुणी केलेलंही मी पाहिलं नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर मिस्तरीनं पहिल्यांदाच करतोय असा चेहरा करू नये.

काम गोठ्यातच. बैल बांधायची जागा होती तिथे नानांनी खड्डा खणला, त्यात मी उतरायचो आणि माझ्यावर गाडी. जीपचा सिलिंडर या गाडीत बसेना, म्हणून त्याला आधार हवा होता. गावच्या लोहारानं जुन्या वखराची पास, म्हणजे माती कापणारं लोखंडी पातं, तापवून, वाकवून, भोकं पाडून दिली. विलायती गाडीच्या पोटात खान्देशी वखर बसला, आणि असा चपखल बसला की मला वाटलं, हा तिथलाच. नळीच्या बाबतीत मात्र नाना आणि माझं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, नवी ठिबकची नळी आहे ना, ती लाव, दाब सहन करते. मी म्हटलं, केळीला पाणी देणं वेगळं आणि क्लचला तेल देणं वेगळं. ऐकेनात. लावून दाखवली. नानांनी पेडल दाबलं, नळी फाटली आणि तेलाची चिळकांडी थेट उखा आबांच्या टोपीवर. टोपी काढून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "घान तेल शे हाई." बैल विकल्यापासून घरात त्यांचं हे दुसरं वाक्य होतं. नानांना इतकं बरं वाटलं की नळीचं भांडण तिथेच संपलं. मी ट्रकची नळी लावली.

मग तेलातली हवा काढायची. तेलात हवा राहिली तर पेडल पोकळ जातं, म्हणून एक जण वर पेडल दाबून धरतो आणि दुसरा खाली बारीक बोल्ट सैल करून हवा सोडतो. नानांना दाबून धरायला सांगितलं की ते सोडायचे आणि सोड म्हटलं की धरायचे. शेवटी अक्का पदर खोचून गाडीत बसल्या. बाई तंतोतंत. मी खड्ड्यातून ओरडायचो, "दाबा! धरा! अजून जोर! सोडू नका! आलं, आलं, अजून थोडं!" बुडबुडे येत होते, त्याबद्दल बोलत होतो. तेवढ्यात शेजारची जिजी गरम पाण्याचं घमेलं आणि जुनी लुगडी घेऊन धावत आली. गावातली बाळंतपणं तीच करायची. दारातून तिनं विचारलं, "कोन शे? वहू का?" अक्का स्टीअरिंगमागून म्हणाल्या, "हवा शे, जिजी." जिजीनं पाणी ठेवलं आणि शेवटचा बुडबुडा येईपर्यंत ती तिथून हलली नाही. आल्यासारखं काहीतरी सुखरूप होताना पाहून जावं, असं तिला वाटलं असणार.

पेडल असं मऊ झालं की अक्कांनी हातानं दाबून दाखवलं. नानांनी शेतरस्त्यावर एका बैलगाडीच्या मागोमाग गाडी नेली, पार बंधाऱ्यापर्यंत, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. मी मागून चालत होतो. इतक्या हळू चालणाऱ्या गाडीमागे चालताना छाती फुगलेला मिस्तरी मीच पहिला असेन.

त्या दिवसांत आबा गव्हाणीवर बसून काम बघत. एकदा त्यांनी मला विचारलं, "मिस्तरी, हाई काय भानगड शे, माले समजाडी सांग." मी सांगितलं, "आबा, इंजिन म्हणजे बैल. चाकं म्हणजे गाडा. क्लच म्हणजे जू. पेडल दाबलं की जू उचललं, सोडलं की पुन्हा मानेवर."

"आनि हाई तेलनी डबी?"

"पायाचा सगळा जोर त्या तेलातून खाली जातो. भार घेतो तो हा सिलिंडर."

आबांनी तो सिलिंडर, त्यावरची तेलाची डबी, तिचं झाकण, सगळं नीट न्याहाळलं. "म्हंजे हाऊ याना खांदा शे."

"खांदाच म्हणा," मी म्हटलं. आजही मी म्हणेन की यात चुकीचं काही नव्हतं. क्लच इतका सोपा करून मी दुसऱ्या कुणालाच सांगितलेला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते खांदे संध्याकाळी तूप-हळद लावून चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवसाचं आवतण देतात. मी गिरणेवर अंघोळीला गेलो होतो. इतक्या दिवसांचं ग्रीस निघता निघत नव्हतं. परत आलो तर गोठ्यात दिवा लावलेला, गाडीच्या नाकाला हळद फासलेली, आणि आबा बॉनेटवर हात ठेवून म्हणत होते, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." नाना आत बसून पेडल दाबत होते. बापलेक एकमेकांशी बोलत होते. मला फार बरं वाटलं. मीही हात जोडले.

पोळ्याला दुपारी गाडी सजली. बॉनेटवर बाशिंग, आरशांना गोंडे, कापडी छत काढून त्या जागी मागे झूल, समोरच्या बंपरला कासरा. ढोल वाजायला लागले. नानांनी पेडलवर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पेडल हलेना. दोन्ही पायांनी दाबलं, तरी दगड.

मी बॉनेट उघडलं, तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आत पिवळंधमक, घट्ट, सुगंधी तूप.

"आबा, हे काय?"

"खांदेमळनी," आबा म्हणाले. "तुन्हं तेल घान वास मारी ऱ्हायंतं. पळीवर काढी टाकं नि घरनं तूप घालं. पोर्‍यानी पाय मारी मारी जिरावं." आणि अभिमानानं पुढे, "साजूक शे."

या सिलिंडरच्या आत रबराच्या लहान वाट्या असतात. त्यांना गाडीचं तेलच चालतं. तूप लागलं की त्या फुगतात आणि जागीच गच्च बसतात. मी सिलिंडर खोलला. वाट्या भिजलेल्या साबुदाण्यासारख्या टम्म, आणि भोवती हळदीचा गाळ. नव्या वाट्या मिळाव्यात तर पाचोऱ्याला पोळ्यामुळे दुकानं बंद. मी तो सिलिंडर परत बसवला, हात पुसले आणि सांगितलं, "आज क्लच नाही."

नाना डोकं धरून बसले. बाहेर दगा बापूंची जोडी येऊन उभी होती, घुंगरं वाजत होती. आबा कासरा हातात घेऊन पिळत राहिले. मग मला म्हणाले, "मिस्तरी, हाऊ कासरा मन्हा बापना हातमा व्हता. आज दगाना हातमा देऊ का मी?" मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता, तुपाबद्दल, आणि तरी त्या पिळलेल्या कासऱ्यावरून माझी नजर हटेना. मिस्तरीच्या हातून अशा वेळी नको ते होऊन जातं.

मी म्हटलं, "क्लचशिवाय एक मार्ग आहे." गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि तशीच चावी मारायची. दणका बसून इंजिन आणि गाडी एकदमच सुरू होतात. पण बॅटरी जुनी, असा दणका ती एकदाच देईल. गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, आणि बंद केल्याशिवाय ती थांबणार नाही. ब्रेक दाबला तरी इंजिन घुटमळून बसेल. "म्हणजे," मी आबांना सांगितलं, "कासरा तुम्ही धरू नका. गाडी बैलापेक्षा जोरात येईल."

"कासरा मीच धरसू," आबा म्हणाले.

मी नानांच्या शेजारच्या जागेवर बसलो. नानांनी चावी मारली, गाडीनं अशी उडी घेतली की बाशिंग काचेवर आदळलं, आणि आम्ही निघालो.

पहिली काही पावलं आबा चालले. मग भरभर चालले. मग एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात कासरा धरून ते पळायला लागले. पुढे ढोलवाले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि तेही पळत वाजवायला लागले. नाना ओरडले, "आबा, बाजूले व्हा!" आबा मागे न बघता ओरडले, "तू धीरे हाक!" नाना म्हणाले, "धीरे व्हत नही!" दारादारांत बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होत्या, त्यांना आमच्याबरोबर धावत ओवाळावं लागलं. मागे इंजिनाच्या आवाजानं दगा बापूंची जोडी उधळली, तिच्या मागे अख्ख्या गावाचे बैल, आणि त्यांच्या मागे मालक. अंगारा लावायला उभे असलेले गुरव एका ओसरीवर चढले. इतका वेगवान पोळा खान्देशात झाला नसेल.

मला एकच दिसत होतं, आबांची पाठ आणि बंपर यांमधलं अंतर. ते कमी होत होतं. आबा धापा टाकत होते. नानांचा हात चावीवर होता. चावी फिरवली की मान गेला, नाही फिरवली तर बाप. मी सीटवर उभा राहिलो, काचेला धरून, आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "आबा, कासरा सोडा, डावीकडे व्हा!"

वेस आली. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की एवढी यंत्रणा बदलताना एक गोष्ट कुणीच मोजली नव्हती. तोरण बांधलं होतं बैलाच्या शिंगांच्या उंचीवर. गाडी बुटकी. बाशिंगासकट ती तोरणाच्या खालून सुखेनैव निघून जाणार होती. ते तोरण मी पाहिलं नाही, कारण मी आबांकडे पाहत होतो. ते माझ्या छातीवर बसलं, ताणलं गेलं, मी मागे झुलीवर कोसळलो आणि तोरण तुटलं. त्याच क्षणी आबांनी मारुतीच्या ओट्याची पायरी पकडून अंग वर टाकलं, आणि नानांनी ओट्याला टेकता टेकता चावी फिरवली. गाडी बसली, पण मारुतीसमोर.

आबा ओट्यावर आडवे पडून हसत होते. इतकं हसत होते की जिजीनं त्यांच्या छातीला हात लावून पाहिला.

मग पंच बसले. दगा बापूंचा आक्षेप सरळ होता. तोरण गाडीनं तोडलं नाही, मिस्तरीनं तोडलं. मिस्तरी जळगावचा. म्हणजे बैल उसना. यावर बराच खल झाला. मी गळ्यात आंब्याची पानं घालून मध्ये उभा. शेवटी सगळ्यांत म्हातारे पंच मला म्हणाले, "इतला दिन तू कथा झोपना?"

"गोठ्यात," मी म्हटलं. खरंच तिथेच झोपत होतो, खड्ड्याशेजारी.

"खाना कोन देत व्हतं?"

"अक्का."

"तुले कोनी लेवाले उना का जळगावथून?"

कुणीही आलं नव्हतं. माझ्या मंडळींनी साधी चौकशीही केली नव्हती. पंच म्हणाले, "मंग हाऊ पाटीलनाच शे." दगा बापूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दात तपासतील की काय असं मला वाटलं, आणि आक्षेप मागे घेतला. मान पाटलांकडे राहिला. अक्कांनी मला ओवाळलं, पायावर पाणी घातलं आणि बैलाच्या वाटची पुरणपोळी माझ्यापुढे धरली. मी खाल्ली. भूक लागली होती, आणि पंचांचा निर्णय मोडायची माझी हिंमत नव्हती. पुढे त्या गावात मी कधीही गेलो तरी लोक उठून जागा देत आणि मुलं हळूच विचारत, हाच का तो? जळगावच्या मोटार मेकॅनिक मंडळींनी मला एकदा शाल दिली होती, पण त्या मानाची सर तिला नाही.

संध्याकाळी गाडी ढकलत गोठ्यात आणली. बैल आणल्यावर करतात तसं आबांनी सगळं केलं. बाशिंग उतरवलं, गोंडे सोडले, झूल घडी करून ठेवली. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि पुढून मागे, मागून पुढे फिरवला. बराच वेळ फिरवला. नाना आणि मी दारात उभे होतो. नाना खुशीत होते, आबांच्या तोंडून शाबासकी ऐकायला थांबले होते.

"चांगलं जनावर शे, हिलाल," आबा म्हणाले. "इमानदार शे. पन हात फिरावा तं आंग थरथरत नही."

बैलाच्या पाठीवरून हात फिरवला की त्याची कातडी शहारते, हे शेतावर वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. नाना पुढे गेले. त्यांनीही गाडीवर हात ठेवला आणि तसाच फिरवून पाहिला. मग माझ्याकडे वळून त्यांनी मला विचारलं, अगदी मनापासून विचारलं, "मिस्तरी, यानं काही करता ई का?"

त्या घरात माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोड होती. बारीक सिलिंडर, जाड सिलिंडर, वखराची पास. मी म्हटलं, "नाही, नाना."

नानांनी आबांकडे पाहिलं. आबा गव्हाणीवर जाऊन बसले होते आणि रिकाम्या गव्हाणीतला जुना चारा हातानं सारखा करत होते. नानांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"लई जाय जळगावले," ते म्हणाले. "आठे जागा खाली करनी पडी."